‘क्लर्क्स’ची दशकपूर्ती पेटी: एका पुनर्प्रकाशनाचा प्रकरण अभ्यास

सप्टेंबर २००४ मध्ये केव्हिन स्मिथ या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘क्लर्क्स’ या पहिल्या चित्रपटाची तीन डिस्कची नवी आवृत्ती ‘क्लर्क्स एक्स’ या नावाने विक्रीस आली. चित्रपट १९९४ सालचा, आणि नावातला ‘एक्स’ म्हणजे रोमन दहाचा आकडा. या चित्रपटाची डीव्हीडी १९९९ पासूनच बाजारात होती. त्यामुळे नव्या पेटीचा खरा ग्राहक हा चित्रपट पहिल्यांदा पाहणारा प्रेक्षक नव्हता. तो होता संवाद पाठ असलेला, जुनी डिस्क कपाटात असलेला आणि त्याच चित्रपटासाठी पुन्हा पैसे मोजावेत की नाही याचा हिशेब करणारा चाहता. अशा चाहत्याला कोणत्या निकषांवर ही पेटी तपासता आली, त्यांतील कोणत्या निकषांवर ती उतरली आणि कोठे तिचा नुसता दिखावा होता, हे येथे पाहायचे आहे. या लेखाची भूमिका आधीच सांगून टाकलेली बरी. ही पेटी चित्र अधिक स्पष्ट झाले म्हणून मोलाची ठरली नाही. चित्रपट आज आहे तसा कोणत्या निर्णयांतून झाला त्याचा पुरावा तिने अखंड स्वरूपात चाहत्यांच्या हाती दिला, म्हणून ती मोलाची ठरली.

चित्रपट कसा झाला

पेटीचे मूल्यमापन करण्याआधी चित्रपटाच्या गरिबीचा हिशेब माहीत असणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे वाद तिथूनच निघतात. न्यू जर्सी राज्यातील लिओनार्डो या लहानशा गावातील ‘क्विक स्टॉप’ या दुकानात स्मिथ स्वतः काउंटरवर नोकरी करत असे. दूध, सिगारेट, वर्तमानपत्रे, खाऊ असा माल ठेवणारे हे दुकान, आणि त्याला लागूनच ‘आरएसटी व्हिडिओ’ ही व्हिडिओ लायब्ररी. व्हँकूव्हरच्या फिल्म स्कूलचा आठ महिन्यांचा अभ्यासक्रम अर्धवट सोडून स्मिथ परतला. तिथे ओळख झालेला स्कॉट मोझियर निर्माता म्हणून आणि डेव्हिड क्लाइन छायालेखक म्हणून त्याच्याबरोबर आले. १९९३ च्या वसंतात एकवीस रात्रींत चित्रीकरण उरकले. खर्च २७,५७५ डॉलर. तो उभा राहिला क्रेडिट कार्डांवर, कॉमिक पुस्तकांचा संग्रह विकून, शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून आणि पुरात गेलेल्या गाडीच्या भरपाईतून.

दिवसा दुकान चालू असल्याने चित्रीकरण रात्रीच करता येत होते, आणि कथा तर दिवसाची. खिडकीतून बाहेरचा अंधार दिसू नये म्हणून शटर बंद ठेवणे भाग होते. मग पटकथेतच कारण घालण्यात आले की कुणीतरी कुलपांत च्युइंगगम कोंबल्यामुळे शटर उघडत नाही. नायक दांते हिक्स बुटाच्या पॉलिशने चादरीवर ‘दुकान उघडे आहे, खात्री बाळगा’ अशा अर्थाचा फलक लिहून बाहेर टांगतो, तो याच अडचणीतून. कृष्णधवल फिल्म वापरण्याचे कारणही असेच व्यवहारी होते. ती स्वस्त होती, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात रंगीत चित्रण करायचे तर निरनिराळ्या दिव्यांच्या रंगछटा जुळवण्याचा खटाटोप आणि खर्च परवडणारा नव्हता. संकलन शेजारच्या व्हिडिओ लायब्ररीतच झाले.

ऑक्टोबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वतंत्र चित्रपटांच्या बाजारात तो जवळजवळ रिकाम्या सभागृहात दाखवला गेला. मात्र त्या मोजक्या प्रेक्षकांत बॉब हॉक हे जाणकार होते आणि त्यांनी त्याची वाखाणणी इतरांपर्यंत पोहोचवली. जानेवारी १९९४ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला, मिरामॅक्स या वितरण कंपनीने तो विकत घेतला, त्याच वर्षी कान महोत्सवातही त्याचा गौरव झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. उत्पन्न तीस लाख डॉलरच्या थोडे वर गेले. खर्चाच्या मानाने ही रक्कम मोठी असली तरी देशभर गर्दी खेचणारी नव्हती. चित्रपट खऱ्या अर्थाने पसरला तो व्हिडिओ कॅसेटवर, म्हणजे त्यातल्या रँडल या पात्रासारख्या लोकांनी चालवलेल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांतून. ‘मृत्युतारा’ हे महाकाय अंतराळस्थानक बांधणाऱ्या आणि त्याच्या स्फोटात मेलेल्या ठेकेदार कामगारांचा काय दोष, असा ‘स्टार वॉर्स’विषयीचा वाद गल्ल्यापाशी उभे राहून घालणारी पात्रे ज्यांना आपली वाटतात, ते चाहते डिस्कच्या वेष्टनावरचा मजकूरही तितक्याच काटेकोरपणे वाचणार, हे ओघाने आलेच.

हातात आधीपासून काय होते

१९९५ मध्ये ‘क्लर्क्स’ची लेझरडिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या काळातली मोठी चकती, निघाली होती. तिच्यावर स्मिथ, मोझियर आणि मित्रमंडळींची कॉमेंट्री, म्हणजे चित्रपट चालू असताना ऐकू येणारे त्यांचे भाष्य, होती, काढून टाकलेली काही दृश्ये होती आणि चित्रपटाचा मूळ शेवटही होता. १९९९ च्या डीव्हीडीवर हाच ऐवज बव्हंशी उचलून ठेवण्यात आला. म्हणजे २००४ साली ‘प्रथमच’ म्हणून विकता येण्यासारखे बरेचसे आधीच विकून झाले होते. लेझरडिस्कच्या ग्राहकांचा वर्ग लहान पण चोखंदळ होता आणि स्मिथ स्वतः त्या माध्यमाचा इतका कैवारी होता, की ‘चेसिंग एमी’ या आपल्या तिसऱ्या चित्रपटाच्या लेझरडिस्कवरील कॉमेंट्रीत त्याने डीव्हीडीला शिवी हासडली होती. पुढे तीच कॉमेंट्री डीव्हीडीवर आली तेव्हा सुरुवातीला त्याला जाहीर दिलगिरीची पुरवणी जोडावी लागली. अशा माणसाच्या नावाने निघालेली पेटी निष्काळजीपणे बांधलेली असणार नाही, अशी अपेक्षा चाहत्यांनी बाळगणे स्वाभाविक होते.

चित्राची परीक्षा

१९९९ च्या डिस्कमधला सर्वांत ठळक दोष तांत्रिक होता. अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्राच्या एकूण ४८० आडव्या रेषा असतात. १९९९ च्या आवृत्तीत चित्र चौकोनी टीव्हीच्या आकारात वरखाली काळ्या पट्ट्या सोडून बसवले होते. १.८५ : १ या प्रमाणाचे चित्र असे बसवले की प्रत्यक्ष चित्रासाठी सुमारे ३४५ रेषाच उरतात, बाकीच्या काळ्या पट्ट्यांवर खर्च होतात. रुंद टीव्हीसाठी चित्र आडवे आवळून साठवण्याची जी ‘अ‍ॅनामॉर्फिक’ पद्धत आहे, तिच्यात त्याच डिस्कवर सुमारे ४६० रेषा चित्राच्या वाट्याला येतात, म्हणजे एक तृतीयांशाने अधिक. २००४ च्या पेटीत ही पद्धत वापरली गेली आणि त्यासाठी उच्च स्पष्टतेचे नवे ट्रान्स्फर, म्हणजे फिल्मवरचे चित्र डिस्कसाठी उतरवून घेण्याचे काम, करण्यात आले. रुंद टीव्ही तेव्हा अमेरिकेतील घरांत झपाट्याने शिरत होते. त्यामुळे ही सुधारणा केवळ कागदावरची राहिली नाही. जुनी डिस्क नव्या टीव्हीवर लावली की चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत अडकत असे, किंवा मोठे करून पाहावे तर फिसकटत असे.

मात्र येथेच चाहत्यांच्या दोन अपेक्षा एकमेकींवर आदळतात. ‘क्लर्क्स’ ज्या सोळा मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला, तिच्या एका चौकटीचे क्षेत्रफळ पस्तीस मिलिमीटरच्या चौकटीच्या सुमारे एक चतुर्थांशच असते. त्यामुळे तेच चित्र मोठ्या पडद्यावर पसरवले की फिल्मचे कण ठळक दिसतात. त्यात उजेड अपुरा, नेगेटिव्ह स्वस्त. अशा चित्रपटाचे ट्रान्स्फर जितके चांगले तितके त्याचे कण अधिक नीट दिसणार. ज्या ग्राहकाने डीव्हीडी म्हणजे गुळगुळीत चित्र अशी समजूत करून घेतली आहे, त्याला सुधारणा हीच बिघाड वाटण्याचा धोका असतो. कंपन्यांना हा धोका माहीत असतो, आणि त्यावरचा सोपा उपाय म्हणजे संगणकीय गाळणीने कण पुसणे. पण कण पुसले की त्यांच्याबरोबर चेहऱ्यावरची त्वचा, कपड्यांचा पोत, मागच्या फळीवरच्या डब्यांच्या कडा असे सगळे थोडेथोडे पुसले जाते. ‘क्लर्क्स’मध्ये तर कॅमेरा बहुतांश वेळ स्थिर आहे आणि दोन माणसे गल्ल्यामागे उभी राहून बोलत आहेत. प्रेक्षकाच्या डोळ्याला फिरायला जागा आहे ती त्यांच्या मागच्या मालातच.

या पेटीचे श्रेय असे, की चित्र स्वच्छ करताना त्याची जात बदलली नाही. ओरखडे आणि घाण यांचा बंदोबस्त झाला, काळा रंग अधिक काळा झाला, पण ट्यूबलाइटखालचा तो फिकट, थकलेला करडेपणा आणि कणांची खरखर शाबूत राहिली. या कामाची माहिती देणारा भागही पेटीत आहे, आणि त्यात बोलणारे लोक मूळ चित्रपट करणारेच आहेत ही बाब महत्त्वाची. सुरक्षा कॅमेऱ्याच्या फुटेजसारखे दिसणारे चित्र म्हणून या चित्रपटाची थट्टा होत आली आहे. ती थट्टा खोटी ठरेल असे चित्र बनवणे म्हणजे चित्रपटालाच खोटे पाडणे झाले असते.

ध्वनीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नवे ५.१ वाहिन्यांचे ध्वनिमिश्रण वेष्टनावर ठळक छापले जाणे हा त्या काळचा रिवाज होता. परंतु ज्या चित्रपटात नव्वद टक्के वेळ माणसे समोर उभी राहून बोलतात, त्यात मागच्या स्पीकरांनी करायचे काय? गाणी थोडी अधिक भरदार वाजतात, इतकेच. या निकषावर कुणी पेटी विकत घेतली असेल तर त्याची निराशा त्याने स्वतःच ओढवून घेतली म्हणायची. गाण्यांवरून आठवते ते असे, की मिरामॅक्सने नंतर घातलेल्या गाण्यांच्या हक्कांचा खर्च मूळ चित्रपटाच्या निर्मितिखर्चापेक्षा जास्त झाला होता.

पहिले संकलन: पेटीचा गाभा

दुसऱ्या डिस्कवर चित्रपटाचे ‘पहिले संकलन’ आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या बाजारात दाखवली गेलेली, प्रदर्शित आवृत्तीपेक्षा दहाबारा मिनिटांनी लांब असलेली प्रत. पेटी घ्यावी की नाही याचा निर्णय खरे तर याच डिस्कवर ठरतो. म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

प्रदर्शित चित्रपटाच्या शेवटी, दिवसभर एकमेकांशी भांडून झाल्यावर, रँडल तो चादरीचा फलक दांतेच्या अंगावर फेकतो, ‘तूच बंद’ अशा अर्थाचे काहीतरी बोलतो आणि निघून जातो. मूळ संकलनात याच्यापुढे एक दृश्य होते. रँडल गेल्यानंतर एक दरोडेखोर दुकानात शिरतो, दांतेला गोळी घालतो आणि गल्ला रिकामा करतो. बॉब हॉक आणि विक्रीची बाजू सांभाळणारे जॉन पिअर्सन यांनी हा शेवट काढावा असा सल्ला दिला आणि स्मिथने तो मानला. चित्रपट संपवायचा कसा हे आपल्याला ठाऊक नव्हते म्हणून नायक मारून टाकला, अशी कबुली त्याने पुढे अनेकदा मोकळेपणाने दिली आहे.

हे सर्व चाहत्यांना १९९५ पासून माहीत होते, कारण मूळ शेवट सुटा तुकडा म्हणून लेझरडिस्कवर आणि नंतर डीव्हीडीवर होता. मग पूर्ण संकलन देण्याने नवे काय साधले? उत्तर असे, की सुटा तुकडा आणि संदर्भातला तुकडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मेनूमधून निवडून पाहिलेली गोळीबाराची दोन मिनिटे हा एक चमत्कारिक किस्सा वाटतो. ‘अरे बापरे, असा शेवट होता तर!’ एवढीच प्रतिक्रिया त्यावर उमटते. परंतु दीडएक तासाच्या अखंड बडबडीनंतर, हॉकी, अंत्यदर्शन, जुनी प्रेयसी, सिगारेटविरोधी जमाव असा सगळा दिवस दांतेबरोबर काढल्यावर तोच गोळीबार येतो, तेव्हा प्रेक्षकाला दोन गोष्टी एकदम कळतात. पहिली अशी की आजचा दिवस आपल्या कामाचा नव्हताच ही दांतेची पालुपदासारखी तक्रार त्या शेवटात अत्यंत कडू होते. जो दिवस सुटीचा होता त्या दिवशी मालकाच्या एका फोनमुळे तो आला आणि मेला. दुसरी अशी, की या कडूपणाची कसलीही पूर्वतयारी आधीच्या दृश्यांत नाही. मृत्यू बाहेरून येतो, कथेतून उगवत नाही. म्हणजे कल्पना वाईट नव्हती, ती या चित्रपटाला लागू पडत नव्हती. हा भेद सुट्या तुकड्यातून कधीच कळला नसता. आणि तो कळला की सल्ला देणाऱ्यांचे शहाणपण आणि ऐकणाऱ्याचे धैर्य या दोहोंचे मोल लक्षात येते.

संकलनाचा दुसरा धडा अधिक बारीक आहे आणि माझ्या मते अधिक उपयोगी. लांबलेली दृश्ये पाहताना जाणवते की काढून टाकलेले संवाद सरसकट वाईट नाहीत. काही तर चांगलेच विनोदी आहेत. ते गेले कारण त्यांच्यामुळे पुढच्या विनोदाची वेळ चुकत होती. बोलण्यावर चालणाऱ्या चित्रपटात कात्री कोठे लावावी हे शिकवणे अवघड असते, कारण कापलेले प्रेक्षकाला दिसत नाही. येथे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून तेच दृश्य तपासता येते. स्वतः चित्रपट करू पाहणाऱ्या चाहत्यांचा मोठा वर्ग या चित्रपटाला आहे. सत्तावीस हजारांत होऊ शकते हीच तर त्याची दंतकथा. अशा चाहत्यांसाठी ही डिस्क पाठ्यपुस्तकाच्या तोडीची आहे.

आणखी एक गंमत. फक्त भाषेसाठी, नग्नता किंवा हिंसा न दाखवता, या चित्रपटाला १९९४ साली अमेरिकी मंडळाने सतरा वर्षांखालील सर्वांना प्रवेश नाकारणारे सर्वांत कडक प्रमाणपत्र दिले होते. मिरामॅक्सने ॲलन डर्शोविट्झ यांच्यासारखा नामांकित वकील उभा करून अपिलात ते एकही शब्द न कापता सौम्य करून घेतले. चित्रपटातला हिंसेचा एकमेव गंभीर प्रसंग त्याआधीच निघून गेलेला होता. तो आता या डिस्कवर कुणाचीही परवानगी न घेता पाहता येत होता.

या संकलनात एक उणीव मात्र आहे आणि ती लपवण्यासारखी नाही. ते फिल्मवरून नव्हे तर व्हिडिओ टेपवरून घेतलेले आहे. चित्र मऊ, मळकट आणि चौकोनी आकाराचे आहे. पहिल्या डिस्कवरचे नवे ट्रान्स्फर पाहून लगेच दुसरी डिस्क लावली की डोळ्यांना धक्का बसतो. काही चाहत्यांच्या दृष्टीने ही फसवणूकच ठरावी, कारण तीन डिस्कच्या पेटीतली एक संपूर्ण डिस्क कॅसेटच्या दर्जाची निघाली. परंतु दुसरा मार्ग होता तो म्हणजे मूळ नेगेटिव्हमधून काढलेले तुकडे शोधून त्या लांबीचे संकलन नव्याने जुळवणे. तसे केले असते तर हाती आली असती ती २००४ साली बांधलेली प्रतिकृती, १९९३ च्या सभागृहात दिसलेली वस्तू नव्हे. पुरावा म्हणून टेपच बरी. केवळ वेष्टनावर तिच्या दर्जाचा उल्लेख अधिक स्पष्ट हवा होता, ही तक्रार रास्त आहे.

उरलेला ऐवज

१९९५ ची कॉमेंट्री पेटीत तशीच ठेवली आहे. हा निर्णय लहान दिसतो, पण पुनर्प्रकाशनांच्या जगात तो दुर्मीळ आहे, कारण नवी कॉमेंट्री ध्वनिमुद्रित केली की जुनी टाकून देण्याची प्रवृत्ती असते. जुन्या कॉमेंट्रीत जेसन म्यूज, म्हणजे चित्रपटातला जे, दारू पिऊन बडबडत राहतो आणि शेवटी झोपी जातो. पहिल्या संकलनासाठी मात्र स्मिथ, मोझियर आणि कलाकार नव्याने एकत्र आले. दोन्ही ऐकल्यावर मधली वर्षे कुणी न सांगता कळतात. यशाच्या पहिल्या झिंगेतली पोरे आणि तीच माणसे, व्यसनातून आणि कामधंद्यातून बाहेर पडून किंवा त्यात रुळून, स्वतःच्या जुन्या कामाकडे पाहत असलेली. चाहत्यांच्या बोलण्यात या पेटीचे कौतुक येते तेव्हा त्यात या जोडीचा वाटा मोठा असतो असे मला दिसते.

‘हरवलेले दृश्य’ म्हणून एक लहान सचेतपट (ॲनिमेशनपट) पेटीसाठी खास बनवण्यात आला. चित्रपटात दांते आणि रँडल एका जुन्या मैत्रिणीच्या अंत्यदर्शनाला जातात, दारातून आत शिरतात, आणि पुढच्याच चौकटीत बाहेर पळत सुटतात. आत काय घडले ते पडद्यावर दिसत नाही, कारण ते दृश्य चित्रित करायला पैसे नव्हते. संवादांतून मात्र कळते. ते दृश्य आता २००० सालच्या ‘क्लर्क्स’ सचेत मालिकेच्या शैलीत काढलेले आहे. ती मालिका एबीसी वाहिनीने सहांपैकी दोनच भाग दाखवून बंद केली होती, म्हणून तिची चित्रशैली पुन्हा पाहायला मिळणे हीदेखील चाहत्यांसाठी एक छोटी भरपाई. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर हे दृश्य न दाखवण्यातच अधिक विनोद होता. पैशाअभावी घेतलेला तो उडीसारखा छेद चित्रपटातल्या सर्वोत्तम छेदांपैकी एक आहे, आणि सचेतपट पाहून झाल्यावर तो थोडा लहान होतो.

दांते आणि रँडल वाहतूक कोंडीत अडकून उडत्या गाडीवर वाद घालतात अशी, दूरदर्शन सूत्रसंचालक जे लेनो याच्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी २००२ साली केलेली लघुफीत, ‘एमटीव्ही’साठीच्या छोट्या फिती, कलाकारांच्या चाचण्यांची चित्रफीत हे सारे एकदा पाहण्यापुरते ठीक. तिसऱ्या डिस्कवरचा ‘स्नोबॉल इफेक्ट’ हा दीर्घ माहितीपट मात्र वेगळ्या तोलाचा आहे. त्यात दुकानातली नोकरी, फिल्म स्कूल, कर्ज, रात्रीचे चित्रीकरण, रिकामे सभागृह आणि नंतरची धावपळ सलग येते. त्याच डिस्कवर स्मिथ आणि मोझियर यांनी व्हँकूव्हरमध्ये केलेला विद्यार्थीदशेतला माहितीपटही आहे. ज्या व्यक्तीवर तो बेतला होता ती मध्येच निघून गेली, म्हणून या दोघांनी आपला माहितीपट कसा फसला याचाच माहितीपट केला. फसलेल्या कामातूनही काम उभे करण्याची ही सवय पुढे शटरच्या कुलपात च्युइंगगम होऊन आलेली दिसते.

खर्चाचा प्रश्न

तोच चित्रपट दुसऱ्यांदा विकत घ्यायला लावणे ही त्या दशकातली सर्रास तक्रार होती. आधी रिकामी डिस्क, दोन वर्षांनी ‘विशेष आवृत्ती’, मग ‘दुहेरी विशेष आवृत्ती’ असा क्रम लावून ग्राहकाची वसुली चालत असे. ‘क्लर्क्स एक्स’वर हा आरोप पूर्णपणे लागू होत नाही. मधल्या काळात अर्धवट आवृत्त्या काढून पहिले संकलन राखून ठेवल्याचे दिसत नाही, आणि आधीच्या डिस्कवरचा मोलाचा ऐवज नव्या पेटीत आणल्यामुळे जुनी डिस्क जपून ठेवण्याची गरजही फारशी उरली नाही. चांगल्या पुनर्प्रकाशनाची ही एक साधी कसोटी मानायला हरकत नाही. ते घेतल्यावर जुने विकून टाकता आले पाहिजे.

व्यवसायाच्या बाजूनेही एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. मिरामॅक्स १९९३ पासून डिस्नेच्या मालकीची होती आणि पेटी डिस्नेच्याच गृहचित्र विभागामार्फत विकली गेली. एबीसीसुद्धा डिस्नेचीच. सचेत मालिका बंद करणाऱ्या घरातूनच तिच्या शैलीतले नवे दृश्य मागवले जावे, यामागे चाहत्यांची खरेदीची ताकद होती, दुसरे काही नाही.

भारतातल्या, त्यात मराठी, चाहत्यांपुढे वेगळाच अडथळा होता. डीव्हीडी ठरावीक भूभागातल्या प्लेअरवरच चालावी म्हणून जगाचे विभाग पाडलेले होते: अमेरिकी डीव्हीडी विभाग एकची, आपला देश विभाग पाचमध्ये. परदेशी नातेवाइकांकडून मागवलेली पेटी घरच्या प्लेअरवर चालेलच याची शाश्वती नसे, जोवर तो प्लेअर सर्व विभागांच्या डिस्क घेणारा नसेल किंवा रिमोटवरचे गुप्त आकडे दाबून मोकळा करून घेतलेला नसेल. अशा खटपटीनंतर पाहणारा प्रेक्षक सचेतपटापेक्षा माहितीपटच आधी लावत असणार, असा माझा कयास आहे.

पुढे काय झाले

२००६ मध्ये ‘क्लर्क्स’चा दुसरा भाग आला. २०१९ मध्ये मूळ चित्रपटाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जपणुकीसाठी निवड झाली. २०२२ च्या तिसऱ्या भागात हृदयविकारातून उठलेला रँडल दुकानातल्या आयुष्यावर चित्रपट करायला घेतो आणि अखेरीस दांतेचा मृत्यू होतो. पहिले संकलन पाहिलेल्यांना त्या मृत्यूत १९९३ चा टाकून दिलेला शेवट ओळखू आला नसेल तरच नवल. फरक एवढाच, की या वेळी त्याच्यामागे तीन चित्रपटांची तयारी होती, आणि तोच शेवट एकदा का चालला नाही याचे उत्तर दुसऱ्या डिस्कवर पडून होते.

पेटीची खरी परीक्षा मात्र त्याआधीच, नोव्हेंबर २००९ मध्ये झाली होती. चित्रपटाची पंधराव्या वर्षाची ब्लू-रे आवृत्ती निघाली आणि तिच्यावर उच्च स्पष्टतेतला मुख्य चित्रपट, ‘क्लर्क्स एक्स’मधला बहुतांश ऐवज आणि ‘जे अँड सायलेंट बॉब स्ट्राइक बॅक’ या चित्रपटाच्या निर्मितीवरचा एक मोठा माहितीपट देण्यात आला. कण आणखी ठळक झाले, करड्या छटा थोड्या सुटसुटीत झाल्या, पण सोळा मिलिमीटरच्या नेगेटिव्हमध्ये जे मुळात नाही ते कोणत्याही डिस्कवर उतरणार नव्हते. पहिले संकलन तर टेपवरचेच असल्याने साध्या स्पष्टतेतच राहिले. ज्यांच्याकडे २००४ ची पेटी होती त्यांना ब्लू-रे घेण्यासाठी चित्राचा थोडासा फायदा आणि दुसऱ्याच चित्रपटावरचा माहितीपट एवढेच कारण उरले, आणि अनेकांनी ते पुरेसे मानले नसेल तर त्यांचा हिशेब चुकला असे म्हणता येत नाही.